हिरव्या खुणेची अकरा कोकरं

१

मंगळवारी दुपारी अकरा कोकरं गेली, आणि वाघुरीची एकही गाठ सुटलेली नव्हती.

वाघूर म्हणजे कोकरांभोवती खुंटांवर ताणलेली दोरीची जाळी. ती लावलेली होती अप्पारावच्या रानात, बांधावरच्या निंबाखाली. गहू निघून गेलेलं रान. तिथं महिनाभर मेंढरं बसवायची, लेंड्या अप्पारावच्या मातीला आणि ज्वारी म्हाळसाबाईच्या घरात, ही दरसालची बोली. पलीकडं सोडून दिलेली मुरमाची खदान, आणि तिच्याही मागं शेंद्र्याच्या कारखान्यांचे पत्रे उन्हात लखलखत होते. मोठी मेंढरं घेऊन म्हाळसाबाईचा लेक रामप्रसाद नाल्यापल्याड गेलेला. कोकरांपाशी होता एकटा मुंजाबा, तिचा धाकटा दीर. साठीला टेकलेला, डोक्याला लाल पटका, जरा वाकून चालणारा, दहा प्रश्नांना एक उत्तर देणारा.

खबर लागली तशी म्हाळसाबाई पदर खोचून रानात आली. शाळा तिची दुसरीतच सुटलेली. पण वस्तीवर कुणाचं काही हरवलं की माणसं पोलिसांच्या आधी तिच्या दारात येत. समोरच्याचं तोंड बघून ती चोर ओळखते असा तिचा लौकिक होता, आणि तो पसरवायला तिनंही कधी कमी केलं नव्हतं.

"सकाळी बावीस मोजली मी," ती म्हणाली. "आता अकरा. माझं गणित कच्चं असंल, पर इतकं नाय."

तिनं वाघुरीला फेरी घातली. गाठी साऱ्या शाबूत. एक खुंट तेवढा उपटून बाहेरच्या अंगाला पडलेला, आणि त्याच्यासंगं जाळी लोळत पडलेली. राहिलेली अकरा कोकरं आतल्या कोपऱ्यात एकमेकांत तोंड घालून उभी होती. भोवती वस्तीवरची पंधरा-वीस माणसं जमली होती. मुंजाबा खाली बघत उभा.

"झोपला व्हतास?"

"नाय, वहिनी."

"मग आंधळा झालास का? अकरा जीव डोळ्यादेखत गेले!"

मुंजाबानं मान वर केली, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"मला वाटलं शालू आली, म्हणून म्या..."

"शालू? नात माझी कॉलेजात बसलीय शहरात! पाचाच्या आत ती कधी आलीय? दिसली तुला शालू?"

"दिसली नाय."

"मग आली कशी? वाऱ्यावर?"

माणसं हसली. मुंजाबाचं वाक्य तिथंच तुटलं. म्हाळसाबाई मात्र हसली नाही, कारण एवढं उघडं खोटं हा माणूस तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती चौदाव्या वर्षी नांदायला आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तिच्याच ताटात जेवून मोठा झालेला.

२

शालू पाचला आली. पिशवी खांद्यावरून न काढताच तिनं कोकरांकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

"आजी, माझी हिरवी गेली. सगळी."

"म्हंजे?"

"उरलेल्यांच्या पाठी बघ ना. सगळी निळी हायेत."

खरंच. अकराच्या अकरा पाठींवर निळी खूण. घोळक्यातली माणसं वाकून बघायला लागली.

खुणा शालूच्याच होत्या. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. घरात ती दिवसभर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर शब्द लिहून पाठ करायची: उद्दीपक, प्रतिसाद, अभिसंधान. म्हाळसाबाई म्हणायची, "इतकं अवघड बोलून नवरा मिळायचा नाय गं." पण पोरीनं प्रकल्पासाठी कोकरं मागितली, तेव्हा नाही म्हणाली नव्हती. बावीस कोकरांचे दोन गट केले. अकरांवर हिरवा रंग, हा प्रायोगिक गट. अकरांवर निळा, तो नियंत्रित गट. एका डब्यात जुन्या बॅटरीला गाडीचा हॉर्न जोडलेला. रोज संध्याकाळी तो टीं-टीं-टीं वाजवायचा आणि हिरव्यांनाच मूठभर पेंड द्यायची. पंधरा दिवसांत अशी गत झाली की पेंड नसली तरी आवाज झाला की हिरवी कोकरं उड्या मारत धावायची.

"ह्यालाच अभिसंधान म्हणतात," शालू सांगायची.

"आमच्याकडं ह्याला खादाडपणा म्हणतात," आजी म्हणायची.

तिनं अट मात्र घातली होती. नातीच्या अभ्यासापायी आपलं एकही कोकरू उपाशी राहता कामा नये. म्हणून निळ्यांना तेवढीच मूठ सकाळी, आवाजाविना. आणि संध्याकाळी हॉर्न वाजला की निळी हिरव्यांच्या पेंडीत घुसू नयेत म्हणून म्हाळसाबाई स्वतः निंबाचा फोक घेऊन उभी राहायची. आता हॉर्न वाजला की निळी आपसूक मागं सरत.

"निवडून नेलीत," अप्पाराव म्हणाला. "बाहेरचा चोर घाईनं हाताला लागेल ते नेतो. हिरवं-निळं बघत बसत नाय. रोज ह्यांच्यात वावरणाऱ्याचंच काम हे."

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या माना मात्र एकाच दिशेला वळल्या.

३

म्हाळसाबाईनं रीतीप्रमाणं सगळ्यांना विचारलं. पहिला अप्पाराव. गेल्या आठवड्यात कोकरं त्याच्या भाजीत शिरली होती आणि "पुन्हा आली तर परत जाणार नाहीत," असं तो ओरडला होता.

"बाई, मी दुपारभर करमाडच्या बाजारात व्हतो. सोयरा संगं व्हता, त्याला विचारा." सोयऱ्यानं फोनवर हो म्हटलं. अप्पाराव सुटला.

मग फाट्यावर, साळूबाईच्या चहाच्या टपरीवर इंद्रजीत सापडला. टेम्पोवाला. कारखान्यांचा माल आणि कचरा वाहतो. होळीला त्यानं मटणासाठी कोकरू मागितलं होतं आणि म्हाळसाबाईनं त्याला वाटेला लावलं होतं.

"मावशी, मी तर दिवसभर वाळूजला," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "शहराच्या त्या टोकाला. गाडी इकडं फिरकलीच नाय. आपल्याला कोकरू पाहिजे असतं तर मागून घेतलं असतं की."

"मागितलं व्हतंस. दिलं नाय मी."

"म्हणून काय अकरा उचलीन? एकदम भुक्कड समजता काय आपल्याला?"

तो हसला. टपरीवरचे चौघे हसले. म्हाळसाबाईच्या डोक्यात तोवर मुंजाबाच घोळत होता, म्हणून तिनं त्याला पुढं खोदलं नाही. ती साळूबाईकडं वळली. साळूबाई तिच्याच वयाची, चाळीस वर्षांची मैत्रीण. टपरीवरून निंब दिसतो.

"साळे, दुपारी तीनच्या सुमाराला तू इथंच व्हतीस ना? कोकरं हाकत नेणारा माणूस बघितला असशील तू."

"गलका ऐकला गं कोकरांचा..."

"त्याच्या डोक्याला लाल पटका व्हता का?"

साळूबाईनं डोळे बारीक केले. "व्हय वाटतं. लाल काहीतरी व्हतं खरं."

"उंच, जरा वाकून चालणारा?"

"व्हय... व्हय गं. वाकून चालत व्हता." मग तिचा चेहरा पडला. "अगं म्हाळसे, तो तर आपला मुंजाबा."

म्हाळसाबाई उठली. दिवस मावळायच्या आत अंगणात सगळ्यांसमोर तिनं मुंजाबाला उभं केलं. "साळूनं बघितलंय तुला. आता तरी बोल. कुणाला दिलीस?"

"वहिनी, म्या कुणाला काय बी दिलं नाय."

"मग साळू खोटं बोलती? तिचं तुझं वैर हाय?"

"नाय."

"काठी ठेव."

मेंढक्याची काठी कुणी घेत नाही. ती त्यानं स्वतः खाली ठेवायची असते, आणि एकदा ठेवली की तो कळपाचा राहत नाही. रामप्रसाद पुढं झाला, "आई, जरा थांब..." पण मुंजाबा तोवर वाकला होता. काठी त्यानं हळूच तिच्या पायांपाशी ठेवली.

"उद्या अकराच्या गाडीनं जातो," तो म्हणाला. "बहिणीकडं, अजिंठ्याला."

तो वळला आणि पिशवी भरायला आत गेला.

४

सकाळी भाकरी थापताना म्हाळसाबाईचं लक्ष नव्हतं. दोन भाकरी करपल्या. उंबऱ्यात बसून शालू पुठ्ठे वाचत होती, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"सूचक प्रश्न. ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं तो प्रश्न. साक्षीदाराला असा प्रश्न विचारला, तर ते उत्तर त्याच्या आठवणीत मिसळून जातं. पुढं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यासारखं आठवतं. ह्याला मिथ्या स्मृती म्हणतात."

"भिंतीला वाचून दाखवतीस का मला?"

शालूनं पुठ्ठा मांडीवर ठेवला.

"खोटं बोलणं म्हण की सरळ. त्याला कशाला पुठ्ठा?"

"नाय ना आजी. खोटं बोलणाऱ्याला ठाऊक असतं आपण खोटं बोलतोय. ह्या माणसाला ठाऊकच नसतं. तो शपथ घेऊन सांगतो." मग तिनं पुठ्ठ्यावरच नजर ठेवून म्हटलं, "लाल पटका आधी कुणी काढला? साळूआजीनं, का तू?"

तव्यावरची तिसरी भाकरी करपली.

म्हाळसाबाईला राग आला. काल जन्मलेली पोर तिला विचारायचं कसं ते शिकवणार! चाळीस वर्षं तिनं असंच विचारून माणसं ओळखली होती. भांडी सापडली होती, कोंबड्या सापडल्या होत्या. पण हात धुताना तिला कालचं बोलणं शब्दाला शब्द आठवायला लागलं. साळू 'गलका' म्हणाली होती. गलका एवढंच. बाकी सगळं म्हाळसाबाईचंच होतं.

तिनं पायांत वहाणा सरकवल्या. "चल माझ्यासंगं. आणि तोंड उघडायचं नाय."

फाट्यावर, टपरीपासून चार हातांवर, मुंजाबा दगडावर बसला होता. मांडीवर कापडाची पिशवी, हातात काठी नाही. म्हाळसाबाई त्याच्या अगदी समोरून गेली. त्यानं पापणीही हलवली नाही. रुसलाय, असं तिला वाटलं.

"साळे," ती टपरीच्या आत शिरत हळू आवाजात म्हणाली, "काल मुंजा कोकरं हाकत नेत व्हता, तेव्हा त्याच्यामागं तांबडं कुत्रं बी व्हतं ना?"

"व्हय," साळूबाई गाळणी झटकत म्हणाली. "वाघ्या की. शेपूट हालवत चाललेला, जीभ बाहेर काढून."

शालूनं आजीचा दंड धरला.

"वाघ्या?" म्हाळसाबाई म्हणाली. "साळे, वाघ्या शिवरात्रीच्या आठवड्यात मेला."

साळूबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"अगं बाई... त्याला पुरायला पोतं तर म्याच दिलं."

ती खाली बसली. "म्हाळसे, मला दिसतोय गं तो. आत्ता बी दिसतोय. लाल पटका बी दिसतोय. म्या खोटं बोलले नाय, तुझ्या गळ्याशपथ."

"ठाऊक हाय मला," म्हाळसाबाई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "ते सगळं म्या घातलं तुझ्या डोळ्यांत."

मुंजाबाची गाडी यायला तासभर होता. साक्ष गेली, पण तेवढ्यानं तो सुटत नव्हता. कोकरं निवडून नेली होती, आणि रोज त्यांच्यात वावरणारा तोच होता.

५

"आता मी काही बोलणार नाय," म्हाळसाबाई म्हणाली. "तूच सांग, काल दुपारी काय काय झालं. तुझं दूध, तुझा चहा, काय बी. मी मधी येणार नाय."

मधी न येणं किती जड असतं ते तिला त्या दिवशी कळलं. साळूबाई अडखळत होती, आणि प्रत्येक अडखळीला म्हाळसाबाईच्या जिभेवर एक शब्द तयार होता. तो ती गिळत राहिली.

"दूध ठेवलं व्हतं तापत. मग खदानीकडनं राखाडी धुरळा आला, लई. पातेल्यावर ताट झाकलं. तिकडं टीं-टीं वाजत व्हतं, गाडी मागं घेताना वाजतं तसं. मग कोकरांचा गलका. मागं बघितलं तर दूध उतू चाललेलं, म्हणून धावले." ती थांबली. "माणूस नाय गं. माणूस म्या बघितलाच नाय."

टीं-टीं.

म्हाळसाबाईला एकदम मुंजाबाचं तुटलेलं वाक्य ऐकू आलं. मला वाटलं शालू आली. दिसली नाही, पण आली असं वाटलं. का वाटलं? शालू रोज येऊन काय करते? हॉर्न वाजवते.

"शाले, तुझा डबा काल कुठं व्हता?"

"घरी. तुझ्या ट्रंकेत, कुलुपात."

"आणि तो हॉर्न तू आणलास कुठनं?"

"इंद्रजीतमामांनी दिला. त्यांनी टेम्पोला रिव्हर्सचा हॉर्न बसवला, दोन आणले होते. एक उरला तो मला दिला."

म्हाळसाबाईच्या डोळ्यांपुढं कालची वाघूर आली. उपटलेला खुंट बाहेरच्या अंगाला पडला होता. चोर आत शिरताना खुंट आत ढकलतो. हा आतून रेटलेला होता. अकरा कोकरांनी एकदम. आणि निवड? हिरव्यांना पेंड जास्त नव्हती, तिनंच ती अट घातली होती, म्हणजे ती निळ्यांहून गुबगुबीतही नव्हती. मग चोरानं हिरवीच का घ्यावीत? माणसानं निवडलीच नव्हती. ती आवाजानं निवडली गेली. टीं-टीं झालं, हिरवी धावली, निळी फोकाच्या भीतीनं मागं सरली.

"पण रस्त्यावर दिवसभर गाड्या मागं-पुढं होतात," शालू म्हणाली. "त्यांना कोकरं कान बी हालवत नाहीत. प्रत्येकाचा आवाज निराळा असतो."

"म्हणूनच बघायचंय."

इंद्रजीत चहाला आलाच. म्हाळसाबाई त्याच्याशी गोड बोलली, आणि हे बघून त्यानं सावध व्हायला हवं होतं.

"बाबा, पेंडीची दोन पोती निंबापाशी टाकतोस का? म्हातारीच्यानं उचलत नायत."

रानात रामप्रसाद होता, अप्पाराव होता, निळी अकरा कोकरं वाघुरीच्या या कडेला उभी होती. म्हाळसाबाई बांधावर थांबली. "आण मागं मागं. आण."

टेम्पो मागं सरकला. टीं-टीं-टीं.

अकराच्या अकरा निळी कोकरं एका झटक्यात वळली आणि पार पलीकडच्या जाळीला जाऊन चिकटली. कुणी हात उगारला नव्हता. म्हाळसाबाईच्या हातात फोकही नव्हता.

"उतर खाली," ती म्हणाली.

इंद्रजीत उतरला. त्यानं कोकरांकडं बघितलं, शालूकडं बघितलं.

"काल दुपारी तुझी गाडी कुठं व्हती, ते मी विचारत नाय," म्हाळसाबाई म्हणाली. "तू सांग."

तो टायरकडं बघत म्हणाला, "राख व्हती, मावशी. कारखान्याची. लांब टाकायची असती. मी खदानीत ओतली. उतारावरनं गाडी तीनदा मागं घ्यावी लागली."

"कोकरं?"

"काहीतरी पळालं खाली... मला वाटलं डुकरं असतील. आई शपथ, संध्याकाळपर्यंत मला कळलंच नाय."

"आणि संध्याकाळी? टपरीवर बसून बशी फुंकत व्हतास. मुंजाचं नाव निघालं तेव्हा तुला कळलं व्हतं का नाय?" तिची जीभ पुन्हा सवयीनं धावली होती. तिनं ओठ मिटले, आणि थांबली.

"कळलं व्हतं," इंद्रजीत पुटपुटला. "सांगितलं असतं तर काम गेलं असतं. म्हटलं, घरचाच माणूस हाय, तुम्ही त्याला माफ कराल."

रामप्रसाद त्याच्या अंगावर गेला. म्हाळसाबाईनं त्याला हातानंच मागं केलं.

"खदानीत उतरायला वाट कितीशी हाय?"

"एकच. उतार," इंद्रजीत म्हणाला, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "त्याच्यावरच ओतलीय."

कालची दुपार, रात्र, आजची सकाळ. पाणी नाही.

तेवढ्यात फाट्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

६

अडुसष्ट वर्षांची बाई रानातून धावताना वस्तीनं त्या दिवशी बघितली. मुंजाबा गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर मागून धरली.

"उतर. कोकरं खदानीत हायेत. मेंढराचा आवाज तुझ्यावानी कुणी वळखत नाय, मला कान पाहिजेत तुझे."

त्यानं काही विचारलं नाही. तो उतरला.

खदान म्हणजे मुरूम काढून सोडलेला मोठा खड्डा, चहूकडून उभ्या कडा. उतारावर राखेचा पुरुषभर ढीग. माणसं फावडी घेऊन आली, पण कुठून खणायचं कळेना. शालूनं डबा आणून काठावर हॉर्न वाजवला. टीं-टीं-टीं. खालून काही आलं नाही. पुन्हा वाजवला. काही नाही.

"पेंड न देता नुसतंच वाजत राहिलं की येणं बंद होतं, आजी," शालू रडकुंडीला येऊन म्हणाली. "विलोपन म्हणतात त्याला. काल तीनदा वाजलं आणि त्यांना काहीच मिळालं नाय..."

"गप," मुंजाबा म्हणाला.

त्यानं सगळ्यांना हातानं थोपवलं, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. मग बोट दाखवलं. "डाव्या अंगाला. कपारीत. एकच वरडतंय, पर बाकीची श्वास घेतात. इथनं खणा, तिथनं नको. तिथनं राख घसरंल त्यांच्यावर."

तासभर फावडी चालली. इंद्रजीत सगळ्यात पुढं होता. त्याला कुणी नको म्हटलं नाही आणि कुणी पाणीही दिलं नाही. वाट झाली तसा पहिला मुंजाबा आत उतरला. एकेक कोकरू उचलून वर देत गेला, प्रत्येकाच्या पाठीवर, कानांवर, खुरांवर बोटं फिरवून. राखेनं सगळी एकाच रंगाची झाली होती.

"धा," तो शेवटी म्हणाला. अकरावं तो छातीशी धरून आला, आणि ते त्यानं कुणाच्या हातात दिलं नाही.

शालू पाण्याची घमेली लावत होती. ती आजीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "एक सांगू? मुंजाआजोबा मला रोज विचारायचे, शाले, हे हिरवं का निळं? मला वाटायचं माझी गंमत करतात."

म्हाळसाबाई बघत राहिली. फाट्यावर ती त्याच्या समोरून गेली होती आणि त्याची पापणी हलली नव्हती. कोकरांच्या पाठीवरून आत्ता त्याची बोटं फिरत होती. किती दिवस फिरत होती अशी? चोपन्न वर्षांत तिनं त्याला इतकं रोज बघितलं होतं की बघणंच राहून गेलं होतं.

काल अंगणात होती तेवढीच माणसं आताही भोवती होती. ती त्यांच्याकडं वळली.

"ऐका. चोर कुणीच नव्हता. राख इंद्रजीतनं टाकली, पर चोर मी केला. साळूच्या तोंडात माझे शब्द घातले आणि ते खरे मानून ह्याची काठी घेतली. कुणाला हसायचं असंल तर आत्ता हसा. उद्या हसलात तर मी ऐकून घेणार नाय."

कुणी हसलं नाही.

रामप्रसाद घरून काठी घेऊन आला होता. ती तिनं घेतली आणि मुंजाबापुढं उभी राहिली. त्याच्या कुशीतल्या मेलेल्या कोकराच्या पाठीवर, राखेखाली, रंगाचा एक ओरखडा दिसत होता.

"मुंजा," ती म्हणाली, "तुला काय दिसतं?"

तिच्या जिभेवर पुढचं सगळं तयार होतं: डोळ्यांवर पडदा आलाय ना, किती दिवस झाले, मला का सांगितलं नाहीस. तिनं दात दाबून धरले आणि वाट बघितली. मुंजाबाला बोलायला वेळ लागतो. तो वेळ तिनं आजवर त्याला कधी दिला नव्हता.

"धूर, वहिनी," तो म्हणाला. "दोन सालं झाली. आधी लांबचं गेलं, मग रंग गेले. तुझं लुगडं कळतं, तोंड कळत नाय. मेंढरं आवाजानं वळखतो. काल हॉर्न वाजला, वाटलं शालू आली, रोजच्यासारखी पेंड देतीय. म्हणून मान बी वर केली नाय."

"आणि काल अंगणात..." ती थांबली. हाही प्रश्न तिनं अर्ध्यात सोडला.

"काल रानात तू म्हणलीस, आंधळा झालास का," मुंजाबा म्हणाला. "सगळ्यांपुढं. मला वाटलं, तुला कळलंय. म्हणूनच काठी ठेवायला सांगितलीस. आंधळ्याची काय मेंढकी."

म्हाळसाबाईनं त्याच्या हातातलं कोकरू घेतलं. रिकाम्या झालेल्या हातात काठी दिली, आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं," ती म्हणाली. मग तिला आठवलं. "येशील का?"

"व्हय," मुंजाबा म्हणाला.

घमेली रिकामी झाली होती. शालूनं डबा आजीकडं दिला. म्हाळसाबाईनं पेंडीची पिशवी कमरेला खोचली, कोकरू खांद्यावर घेतलं आणि निंबाच्या दिशेनं चालत हॉर्न वाजवला. दहा कोकरं लटपटत तिच्यामागं निघाली. थोड्या थोड्या अंतरावर ती थांबायची, प्रत्येकाला मूठ द्यायची आणि पुन्हा वाजवायची. त्यांच्यामागून काठी टेकत, आवाजावर पाऊल टाकत, मुंजाबा येत होता.